मिनी ट्रॅक्टरची केबिन: काचांआधी रोलबारचा विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपून हवा कोरडी झाली की ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत मिनी ट्रॅक्टरला बाहेरून केबिन बनवून बसवण्याचे काम वाढते. दुभाजकांतील झाडांना रात्री टँकरने पाणी घालणारे कंत्राटदार, मैदाने आणि मोठ्या गृहसंकुलांच्या बागा सांभाळणाऱ्या संस्था, घोडबंदर रस्त्याकडचे रोपवाटिकावाले आणि भात निघाल्यावर भेंडी, काकडी, वाल यांच्या मागे लागणारे मुरबाड-शहापूरचे शेतकरी, हे सगळेच या सुमारास वागळे इस्टेट किंवा रबाळे भागात ट्रॅक्टर घेऊन चौकशीला येताना दिसतात. यंत्र अभियंता म्हणून माझे आयुष्य याच प्रकारच्या जोडकामात गेले आणि निवृत्तीनंतरही या गाळ्यांकडे माझी पावले वळतात. गेली काही वर्षे या केबिनी ज्या पद्धतीने बसवल्या जात आहेत ती पाहून मनाला जी काळजी लागून राहिली आहे, ती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून वाचकांपुढे, विशेषतः ट्रॅक्टरमालक, फॅब्रिकेटर आणि दोन्ही महापालिकांच्या उद्यान व घनकचरा विभागांपुढे मांडावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

केबिन बसवणे ही चैन आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. युरोप-अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरला हिवाळ्यात केबिन लावतात ती मुख्यतः बर्फासाठी. पुढे बर्फ उडवणारे यंत्र जोडलेले असते, वारा उलटा फिरला की तो सगळा भुगा चालकाच्या तोंडावर येतो आणि शून्याखालच्या थंडीत हात बधिर होतात. आपल्याकडे तो प्रश्न काश्मीर, हिमाचलच्या बागायतदारांचा आहे. ठाण्यात जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. आपला हिवाळा त्रास देतो तो धुळीने. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि खालची धूळ व धूर वर निघून जाण्याची वाटच बंद होते. पावसाळ्यात जी माती चिखल होऊन बसलेली असते तीच या दिवसांत चाकांखाली पीठ होऊन उडते. बांधकामे, रस्त्यांचे काँक्रीटीकरण आणि डंपरची ये-जा यांची भर त्यात पडते. अशा हवेत उघड्या सीटवर आठ-आठ तास बसणाऱ्या चालकाला आडोसा हवा, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. किंबहुना ती आजवर इतकी दुर्लक्षिली गेली की चालकांनी स्वतःच ताडपत्री आणि प्लॅस्टिकचे कागद बांधून आपापली सोय करून घेतली.

माझे म्हणणे एवढेच आहे की केबिन ही रोलबारच्या जागी बसवू नये. ती रोलबारला धक्का न लावता, त्याच्याभोवती बसवावी. आणि ज्या ट्रॅक्टरला रोलबारच नाही त्याला आधी रोलबार घ्यावा, केबिनचा विचार नंतर करावा.

रोलबार म्हणजे सीटच्या मागे उभी असलेली जाड पोलादी कमान. ट्रॅक्टर उलटला तर चालकाभोवतीची ठरावीक जागा चिरडली जाऊ नये, हे तिचे काम. काही मॉडेलांना ती कारखान्यातूनच बसून येते, काहींना वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते आणि पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना ती नसतेच. त्यांच्यावर असते ते चार बारीक पाइपांवर उभे केलेले पत्र्याचे किंवा फायबरचे हूड, जे ऊन अडवते आणि बाकी काही अडवत नाही. मागील हिवाळ्यात एका गाळ्यात मी पाहिलेला प्रकार सांगतो. सत्तावीस अश्वशक्तीचा, जवळजवळ नवा ट्रॅक्टर उभा होता. केबिनचे छप्पर नीट बसावे म्हणून त्याचा रोलबार खालून गॅस कटरने कापून काढला होता आणि तो भंगाराच्या ढिगाऱ्यावर पडला होता. कंपनीची चाचणी क्रमांक असलेली पट्टी अजून त्याच्यावर शाबूत होती. त्याच्या जागी चौकोनी पाइपाचा सांगाडा उभा करून त्याचे पुढचे पाय फूटबोर्डाला आणि मागचे पाय थेट मडगार्डच्या पत्र्याला वेल्ड केले होते. काम दिसायला सुबक होते, रंगही कंपनीच्या रंगाशी जुळवला होता. परंतु मडगार्डचा पत्रा हाताने दाबला तरी लवतो. ट्रॅक्टर उलटला तर त्या पत्र्यावर उभी असलेली केबिन काय पेलणार, हे सांगायला अभियंत्याची गरज नाही.

रोलबारची ताकद नुसत्या जाडीवरून ठरत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाच्या हिशोबाने त्याच्यावर मागून आणि बाजूने ढकलणारा जोर लावतात, वरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या साधारण दुप्पट भार टाकतात आणि इतके होऊनही चालकाची जागा मोकळी राहते का, ते मोजतात. कमान थोडी वाकणे अपेक्षितच असते, कारण वाकतानाच ती धक्क्याची ऊर्जा पोटात घेते. त्यामुळे तिला भोक पाडले, तिच्यावर वेल्डिंग केले, ती कापून पुन्हा जोडली, तर चाचणीचा निकाल त्या कमानीला लागू राहत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी ते तुटू शकते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या आणि पगारी कामगार चालवत असलेल्या, वीस अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ती द्यावीच लागते. आपल्याकडेही या चौकटीच्या चाचणीचे भारतीय मानक आहे आणि ट्रॅक्टरांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुदनी येथे आहे. म्हणजे शास्त्र ठाऊक आहे, यंत्रणा आहे. अडते ते गाळ्यात, कटर हातात घेताना.

आता वजनाचा हिशोब मांडतो, कारण केबिन बनवून घेणारे मालक भाव विचारतात, काचेचा रंग विचारतात, पण वजन कोणी विचारत नाही. चाळीस मिलिमीटर चौकोनी, तीन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. लहान केबिनला तो चोवीस मीटर तरी लागतो, म्हणजे ८४ किलो. छपराचा १.६ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो, छप्पर पावणेदोन चौरस मीटर धरले तर २० किलोंच्या वर. पाच मिलिमीटरची काचही चौरस मीटरला साडेबारा किलोच भरते; सहा चौरस मीटर काचेचे ७५ किलो झाले. बिजागऱ्या, कुलपे, ब्लोअर, दिवे, नट-बोल्ट धरून सगळी केबिन २०० किलोंच्या घरात जाते. ज्या मिनी ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन ८०० किलो आहे त्याच्यावर हा चौथा हिस्सा बसतो, आणि तोही सगळ्यात वर.

अशा ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरतात तो बिंदू, जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आणि केबिनचा १४० सेंटिमीटरवर धरला, तर दोघांचा मिळून तो ७६ सेंटिमीटरवर जातो. मागच्या चाकांमधले अंतर ९० सेंटिमीटर असेल तर, चालकाचे वजन बाजूला ठेवून, आधी जो ट्रॅक्टर ३७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत कागदावर तग धरत होता तो आता ३१ अंशांपर्यंतच धरतो. कागदावर एवढ्यासाठी म्हणतो की प्रत्यक्षात ट्रॅक्टर याच्या बराच आधी कलंडतो. पुढचा आस मधोमध खिळीवर झुलता असल्यामुळे सुरुवातीला त्या बाजूने आधार मिळत नाही. शिवाय चाक खड्ड्यात जाणे, वळण घेणे, मागच्या टँकरमधले पाणी हिंदकळणे, या सगळ्यांचा झटका वेगळाच. येऊरच्या पायथ्याच्या बागा, पारसिकच्या उताराला लागून असलेले रस्ते, खारघरच्या टेकडीकडचे चढ आणि शहापूर-मुरबाडची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिथे एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांधावर एक चाक चढतेच, अशा ठिकाणी हे सहा अंश म्हणजे मोठा फरक आहे. म्हणून सपाट मैदानावर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी जी केबिन चालेल ती बांधावर चालणाऱ्या ट्रॅक्टरवर तशीच उचलून ठेवता येत नाही. चाकांमधले अंतर रुंद करता येण्याजोगे असेल तर केबिन बसवण्याआधी ते करून घ्यावे, आणि छपरावर पाण्याची टाकी किंवा सामानाचे कॅरिअर तर अजिबात लावू नये. हा प्रकारही मी पाहिला आहे.

बाजूला कलंडण्यापेक्षा मागे उलटणे अधिक घातक असते. ओझे मागच्या आसाच्या पातळीला किंवा टॉप लिंकला (मागे अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याला) बांधून ओढले, किंवा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर एकदम क्लच सोडून काढायचा प्रयत्न केला, की पुढची चाके उचलली जातात. साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा स्थितीला पोहोचतो की तिथून चालकाने क्लच दाबला तरी तो परत खाली येत नाही. पाऊण सेकंदात माणसाला काय होत आहे हेही पुरते कळत नाही. या वेळी उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी, उभा रोलबार आणि लावलेला सीटबेल्ट. रोलबार घडीचा असेल आणि झाडाखालून जाण्यासाठी दुमडला असेल तर मात्र बेल्ट लावू नये, कारण तेव्हा बेल्ट चालकाला चिरडणाऱ्या जागीच धरून ठेवतो. झाड ओलांडले की कमान उभी करून खीळ घालावी आणि बेल्ट पुन्हा लावावा. बंद केबिनीत बसलेल्या चालकाला आपण सुरक्षित पेटीत आहोत असे वाटू लागते आणि बेल्ट लोंबत राहतो. केबिन आल्यावर धोका वाढण्याचे हे एक कारण आहे, ज्याची मोजदाद कुठल्याच कोटेशनमध्ये होत नाही.

काचांविषयी थोडक्यात सांगतो. खिडक्यांची साधी काच केबिनला कधीही लावू नये. ती फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. समोर लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) आणि बाजूंना टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली), वाहनांसाठीच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेली काच घ्यावी. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही, म्हणून वायपरचे भोक, बिजागरीची भोके ही सगळी मापे आधी पक्की करून द्यावी लागतात. या मोजमापाचा कंटाळा म्हणूनच गाळ्यावाले साधी काच पुढे करतात. बाहेर पडण्याच्या वाटाही मोजाव्यात. दोन्ही बाजूंना दार आणि मागची काच बाहेर उघडणारी, असे तीन मार्ग हवेत, कारण ट्रॅक्टर एका कुशीवर पडला की खालचे दार बंद झालेलेच असते आणि वरचे दार माणसाला एकट्याने उचलता येईलच असे नाही. अनेक ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी डाव्या बाजूला दार न देता स्थिर काच बसवतात. ही काटकसर करू नये.

ज्या धुळीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडे येतो. चारही बाजूंनी बंद केले की धूळ आत येणार नाही, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की केबिन कितीही घट्ट केली तरी पेडलच्या फटी, लिव्हरच्या खाचा, हायड्रोलिकच्या नळ्या जाणारी भोके आणि दाराच्या कडा यांतून हवा येतेच, आणि चाकांजवळची सगळ्यात दाट धूळ याच खालच्या फटींतून आत ओढली जाते. नवी मुंबईत एका मैदानाच्या कामावरच्या ट्रॅक्टरची केबिन सकाळी उघडली तेव्हा तिच्या काचेवर बाहेरच्या बाजूपेक्षा आतल्या बाजूला जाड थर होता. बोट फिरवले तर काचेवर सरळ रेघ उमटली. आत एक पंखा होता, पण तो आतलीच हवा फिरवत होता. म्हणजे चालक दिवसभर तीच धूळ पुन:पुन्हा श्वासात घेत होता आणि उघड्या सीटवर निदान जो वारा लागला असता तोही त्याला मिळत नव्हता.

यावर उपाय ठाऊक आहे आणि तो फार महागही नाही. बाहेरची हवा छपराजवळून, म्हणजे धूळ तुलनेने कमी असते तिथून, घडीच्या कागदी फिल्टरमधून ब्लोअरने आत ढकलायची, जेणेकरून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील. मग फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. फवारणीच्या कामासाठी ज्या केबिनी वापरतात त्यांच्या युरोपीय मानकात, ईएन १५६९५ मध्ये, हा जादा दाब किमान २० पास्कल असावा असे म्हटले आहे. त्याच मानकात केबिनींच्या श्रेणी केल्या आहेत: दुसऱ्या श्रेणीची केबिन धूळ अडवते, तिसरीची औषधाचे तुषारही अडवते आणि वाफा अडवणारी ती चौथी, जिला कोळशाचा फिल्टर लागतो. आपल्या भाजीउत्पादक शेतकऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे, कारण काचेची केबिन आहे म्हणून मास्क न लावता कीटकनाशक फवारण्याचा मोह होतो आणि साधा धुळीचा फिल्टर त्या वाफांना मुळीच थोपवत नाही. भेंडीवर किंवा कारल्याच्या मांडवाला फवारताना अशा केबिनीत बसणे, हे उघड्यावर फवारण्याहून अधिक सुरक्षित आहे असे समजू नये. फिल्टर झटकून, हवेचा फवारा मारून पुन्हा वापरण्याची सवयही सोडावी. त्याने कागदाची छिद्रे मोठी होतात आणि सर्वांत बारीक कण, जे फुप्फुसात खोल उतरतात, तेच आत येऊ लागतात. राष्ट्रीय मानकानुसार हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे लागते. रस्त्याकडेची माती उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवतीभवती ते किती होत असेल, हे आपल्या महापालिकांनी एकदा यंत्र लावून मोजावे अशी माझी सूचना आहे. सिमेंट-काँक्रीट आणि वाळूच्या धुळीत फुप्फुसांना कायमची इजा करणारी सिलिका असते, त्यामुळे प्रश्न नुसत्या खोकल्याचा नाही.

धुळीहून भयंकर गोष्ट म्हणजे इंजिनाचा धूर. अनेक मिनी ट्रॅक्टरांचा सायलेन्सर बॉनेटच्या बाजूने किंवा खालून, फूटबोर्डाच्या जवळ निघतो. उघड्या ट्रॅक्टरवर त्याची अडचण होत नाही. केबिन बसली की तोच धूर समोरच्या पत्र्याच्या भोकांतून आत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. डोके जड होते, झोप येते आणि चालकाला वाटते की रात्रपाळीचा थकवा आहे. म्हणून वायर आणि नळ्यांच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (फट बुजवणारी कडी) बसवणे, सायलेन्सरची नळी छपराच्या वर नेणे आणि हवा घेण्याची जागा तिच्यापासून लांब, शक्यतो मागच्या बाजूला ठेवणे, ही कामे केबिनच्या रंगाआधी झाली पाहिजेत. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा इशारायंत्र घरातल्या गीझरसाठीही मिळतो. तो केबिनीत लावण्यास हरकत नसावी. थंड पहाटे ट्रॅक्टर गाळ्यात किंवा शेडमध्ये चालू ठेवून केबिनीत बसून राहण्याची सवय तर ताबडतोब बंद व्हावी.

विजेचा भार पाहिला जात नाही, त्याविषयीही लिहितो. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, जेमतेम पस्तीस-चाळीस अँपिअरचा असतो. ५५ वॉटचे चार हॅलोजन दिवे अठरा अँपिअर, ब्लोअर आठ-दहा, वायपर चार-पाच, असे धरले तर बॅटरी भरायला फारसे उरत नाही, आणि मग पहाटे ट्रॅक्टर ढकलून चालू करण्याची वेळ येते. एलईडी दिवे घ्यावेत, प्रत्येक जोडणीला वेगळा फ्यूज द्यावा. एअर कंडिशनर बसवण्याचा आग्रह पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर करू नये. कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती खातो आणि ती रोटाव्हेटरच्या वाट्याची असते.

केबिन ट्रॅक्टरला चार ठिकाणी रबर बुश घालून बसवावी. थेट वेल्ड केलेली केबिन इंजिनाची थरथर पत्र्यात घेते आणि आतला आवाज उघड्या ट्रॅक्टरपेक्षा वाढतो. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काम केल्याने कान कायमचे अधू होतात, आणि पत्र्याच्या घुमणाऱ्या केबिनीत ही पातळी सहज ओलांडली जाते. फूटबोर्डावर जाड रबरी मॅट आणि छपराला आतून फोम लावला तर फरक पडतो. बोल्टने बसवलेल्या केबिनीचा दुसरा फायदा मेकॅनिक सांगतील. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. वेल्ड केलेली केबिन तेव्हा कापावी लागते, आणि एकदा कापलेली केबिन पुन्हा सरळ बसत नाही.

कायद्याची बाजूही मालकांनी समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ट्रॅक्टरचे रिकामे वजन प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. त्यात २०० किलोंची तफावत पडली आणि पुढे अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. म्हणून ठाणे, वाशी, कल्याण, जिथली नोंदणी असेल तिथल्या परिवहन कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर कागदावर घ्यावे.

ज्यांना कमी खर्चात आणि कमी वजनात काम भागवायचे आहे त्यांच्यासाठी कापडी केबिन हा चांगला मार्ग आहे, हेही आवर्जून सांगावेसे वाटते. जाड कॅनव्हास आणि पारदर्शक व्हिनाइलच्या पडद्यांची ही केबिन रोलबारला पट्ट्यांनी आणि क्लॅम्पने बांधली जाते, कुठेही भोक पाडावे लागत नाही, उन्हाळ्यात काढून घडी करून ठेवता येते. बर्फाच्या प्रदेशातही छोट्या ट्रॅक्टरचे पुष्कळ मालक हीच वापरतात. आपल्याकडे ताडपत्री शिवणारे कारागीर भिवंडीपासून पनवेलपर्यंत आहेत. त्यांना एक नमुना आणि नीट मापे मिळाली तर ते हे काम उत्तम करतील. व्हिनाइलवर ओरखडे पडून दिसेनासे होते, एवढा दोष त्यात आहे, आणि म्हणून समोरचा पडदा दर हंगामाला बदलण्याची तयारी ठेवावी.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना माझी विनंती आहे की बागकाम, पाणीपुरवठा आणि रस्तेसफाईसाठी ट्रॅक्टर भाड्याने घेण्याच्या निविदेत काही अटी स्पष्ट शब्दांत घालाव्यात. ट्रॅक्टरला चाचणी क्रमांकाची पट्टी असलेला, न कापलेला रोलबार आणि चालू स्थितीतला सीटबेल्ट असावा. केबिन असल्यास फिल्टरमधून बाहेरची हवा आत ढकलणारा ब्लोअर आणि बाहेर पडण्याचे तीन मार्ग असावेत. काम सुरू होण्याआधी अभियंत्याने या गोष्टी प्रत्यक्ष पाहून सही करावी. ट्रॅक्टरच्या रंगाची आणि फलकाची अट निविदेत असते, तर चालकाच्या जिवाची का असू नये? कृषी विभागानेही यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला रोलबार ऐच्छिक न ठेवता किमतीतच धरून द्यावा. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वेल्डर आणि ट्रॅक्टर मेकॅनिकच्या मुलांना रोलबारवर वेल्डिंग का करायचे नाही हे पहिल्याच वर्षी शिकवावे, कारण उद्या कटर त्यांच्याच हातात येणार आहे.

ज्यांच्या ट्रॅक्टरचा रोलबार यापूर्वीच कापला गेला आहे त्यांनी तो पुन्हा वेल्ड करून घेऊ नये. ट्रॅक्टरचे मॉडेल आणि चेसिस क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडून नवा रोलबार त्याच्या मूळ बोल्टांसह मागवावा. ते बोल्ट ठरावीक ताकदीचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातले चालत नाहीत. तो येईपर्यंत ट्रॅक्टर सपाट जागेवरच वापरावा आणि बांधावर, उतारावर किंवा भरलेल्या टँकरसह चढावर नेऊ नये.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र अभियंता
ठाणे (पश्चिम)